जमीन विकण्याआधी एकदा कॉकपिटमध्ये बस

पत्र:

मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीला फिजिक्स आणि गणित होतं, मार्क बरे पडले, पण मी काही बोर्डात आलेली नाही. मला पायलट व्हायचंय. हे घरात सांगितल्यापासून दोन तट पडलेत. मामा म्हणतात, हे आपल्यासारख्यांचं काम नाही, त्याला वेगळंच डोकं लागतं, फाडफाड इंग्रजी लागतं आणि एक चूक झाली की संपलं. एका फ्लाइंग स्कूलला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "स्कूटी चालवता ना? मग विमानही येईल, तुम्ही फक्त ॲडमिशन घ्या." वडील रस्त्याकडेची दोन एकर विकायला तयार झालेत. एसटीने कुंभार्ली घाट चढताना मला हमखास उलटी होते, हे मी त्या माणसाला सांगितलंच नाही. विमान उडवायला शिकणं खरंच किती अवघड असतं? जे खरं असेल ते सांगा.

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर:

मामांचं म्हणणं आणि फोनवरच्या त्या माणसाचं म्हणणं, दोन्ही तू थोडा वेळ बाजूला ठेव. मामांना तुझी काळजी आहे, पण अवघड नेमकं कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्या माणसाला ते चांगलं ठाऊक असणार, पण त्याला जागा भरायच्या आहेत. मी बरीच वर्षं मुलामुलींना विमान शिकवते. खेड्यातून, मराठी शाळेतून आलेली मुलं माझ्या शेजारच्या डाव्या सीटवर बसून शिकली आणि आज एअरलाइनमध्ये आहेत. हुशार, सधन घरची मुलं अर्ध्यात सोडून गेलेलीही पाहिली आहेत. म्हणून तुला आधी सोपं काय ते सांगते.

विमान जमिनीवरून उचलणं सोपं आहे. शिकायला बहुतेक ठिकाणी सेस्ना १७२ किंवा त्याच्याच जातीचं छोटं विमान असतं. चार सीट, एक इंजिन, पंख डोक्यावर. मध्यरेषेवर उभं करायचं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण पुढे द्यायचं, काटा ५५ नॉटवर आला, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर झाले, की योक, म्हणजे विमानाचं हातातलं स्टीअरिंग, हलकेच मागे घ्यायचा. विमान आपणहून उठतं. १९५६ पासून हे मॉडेल विकलं जातंय, ४० हजारांहून जास्त विमानं बनली, आणि त्याची घडणच अशी आहे की नवशिक्याच्या बऱ्याच चुका ते पोटात घालतं. नीट ट्रिम केलं, म्हणजे योकवरचा ताण छोट्या चाकाने काढून टाकला, आणि हात काढून घेतला तरी शांत हवेत ते सरळ चालत राहतं. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हातात विमान दिलं तर तो ते सरळ नेतो, वळवतोही. त्याला "वेगळंच डोकं" लागत नाही. १९३० मध्ये अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीपर्यंत एकटे उडत आले तेव्हा ते १७ वर्षांचे होते, आणि विमान होतं उघड्या कॉकपिटचं जिप्सी मॉथ.

पण स्कूटीचं म्हणशील तर तिची सवय विमानात आडवीच येते. धावपट्टीकडे टॅक्सी करताना वळण आलं की नवा विद्यार्थी योक फिरवतो. विमान ढिम्म, सरळच जातं. कारण जमिनीवर ते पायांनी वळतं: डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे, आणि ब्रेक त्याच पेडलच्या वरच्या भागात, चवड्याने दाबायचे. मी शेजारून "पाय, पाय" म्हणत राहते आणि विद्यार्थी हातच फिरवत राहतो. पुढे टेकऑफला पूर्ण थ्रॉटल दिलं की नाक डावीकडे ओढ घेतं. पंखा फिरतो त्याचा तो परिणाम. उजवा पाय देऊन नाक मध्यरेषेवर ठेवावं लागतं, आणि वेग बदलेल तसा तो पाय कमी-जास्त करावा लागतो. समोरच्या एका यंत्रात छोटा काळा बॉल असतो, तो मध्यावरून सरकला की समजायचं पाय चुकला.

सुरुवातीला सगळेच योक आवळून धरतात. उंची शंभर फुटांनी कमी झाली की ओढतात, मग ती दीडशे फुटांनी जास्त होते, की लगेच ढकलतात. तासाभरात खांदे भरून येतात. योक कसा धरायचा हे मी एकाच प्रकारे सांगते: कोंबडीचं पिल्लू हातात घेतेस तसा. आवळलंस तर त्याचा जीव जाईल, सैल सोडलंस तर निसटेल. हे जमलं की अर्धी थकावट जाते.

तुझ्या उलटीचंही इथेच सांगते, कारण तू ते लपवलंस आणि ते लपवण्यासारखं नाही. एसटीत तू मागे बसलेली असतेस, वळण कधी येणार ते तुला कळत नाही. विमानात योक तुझ्या हातात असतो, नजर क्षितिजावर असते आणि वळायचं तूच ठरवतेस. त्याने खूप फरक पडतो. तरीही पहिल्या काही सॉर्टींत, म्हणजे उड्डाणांत, बऱ्याच मुलांना मळमळतं. पिशवी जवळ ठेवायची, उपाशी जायचं नाही आणि पोट तडस लागेपर्यंत जेवूनही जायचं नाही, सकाळची पहिली सॉर्टी मागून घ्यायची, कारण तेव्हा हवा शांत असते. उलटीवरची गोळी मनाने घ्यायची नाही, बहुतेक गोळ्यांनी झोप येते. बहुतेकांचं मळमळणं काही आठवड्यांत थांबतं. थोड्यांचं थांबत नाही. तू कोणत्या गटातली, हे दोन एकर जाण्याआधी कळायला हवं.

आता लँडिंग.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येताना, सेस्नाचा वेग ६५ नॉटच्या आसपास लागतो. इथे नवशिक्याची बुद्धी उलटं सांगते. आपण फार खाली आलोय असं वाटलं की हात आपसूक नाक वर ओढतो. नाक वर गेलं की वेग पडतो आणि विमान आणखीच बसत जातं. अशा वेळी थ्रॉटल द्यायला हवं. उतरताना वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची पॉवरने. वहीत लिहायला ही एक ओळ आहे, हाताला पटायला कित्येक तास जातात.

मग शेवटचे काही सेकंद. जमीन पंधरा-वीस फुटांवर आली की पॉवर काढायची आणि योक मागे घेत घेत विमान धावपट्टीला समांतर आणायचं. विमान टेकायला बघतं, तू टेकू द्यायचं नाहीस. धरून ठेवायचं, वेग उतरत जातो, योक आणखी मागे, नाक आणखी थोडं वर, आणि मग मागची दोन चाकं आधी टेकतात. हे लवकर केलंस तर विमान दहा फुटांवर तरंगत राहतं आणि तिथून आदळतं. उशीर केलास तर नाकाखालचं चाक आधी आपटतं. जोरात ओढलंस तर विमान पुन्हा वर उचललं जातं, त्याला आम्ही बलून म्हणतो, आणि घाबरून नाक खाली दाबलंस तर मग मोडतोडच. पंधरा फूट म्हणजे किती हे सांगणारा काटा तुझ्यासमोर नसतो, अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, इतकं बारीक वाचता येत नाही. ते डोळ्यांनीच ओळखायचं. नवे विद्यार्थी नाकासमोरचं डांबर बघतात. ते इतक्या वेगाने सरकतं की उंचीचा अंदाजच लागत नाही. नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायची. मग दोन्ही कडा पसरट होताना आणि जमीन बाजूंनी वर येताना जाणवते, त्या जाणिवेवर हात चालतो. हे कुणी सांगून येत नाही. मी कितीही वेळा करून दाखवलं तरी विद्यार्थ्याला ते त्याच्याच डोळ्यांनी दिसावं लागतं.

यात आडवा वारा आला की काम दुप्पट. तिरकं येणारं विमान शेवटच्या क्षणी पायाने सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून आधी त्याच बाजूचं चाक टेकवायचं. हे शिकाऊ लायसन्सवरच्या मुलांना पहिल्या महिन्यात कुणी करायला लावत नाही, पण पुढे ते टळत नाही.

आणि एक धक्का आधीच सांगून ठेवते. सलग काही लँडिंग छान होतात, मुलगी खूश होऊन घरी फोन करते, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी बिघडतात. जे काल येत होतं ते आज येत नाही. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. या टप्प्यावर मुलं रडतात, स्वतःला नालायक समजतात, काही जण सोडायचं म्हणतात. अशा वेळी एक-दोन दिवस लँडिंग बंद करून वर नेऊन वळणं, स्टॉल (तो काय ते पुढे सांगते) असलं काही करून घेतलं की गाडी पुन्हा रुळावर येते. तू त्या टप्प्यावर पोचलीस तर समज की तू बरोबर चालली आहेस.

तरीही हातांचं काम हा सगळ्यांत अवघड भाग नाही. अवघड आहे ते सगळं एकाच वेळी येणं. एक सर्किट म्हणजे विमानतळाभोवतीची एक फेरी, साधारण पाच-सहा मिनिटांची. टेकऑफ झालं, चढ सुरू, वेग सांभाळ, पाय सांभाळ. हजार फुटांवर सरळ कर, पॉवर कमी कर, ट्रिम कर. धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने निघालीस की रेडिओवर "डाउनविंड" कळव. चेक्स कर: फ्युएल, मिक्स्चर (हवा-इंधनाचं मिश्रण), हार्नेस (अंगावरचा पट्टा). इतक्यात टॉवर सांगतो, तुझा नंबर दुसरा, फायनलवर एक विमान आहे, ते दिसतंय का? त्याला शोध, उत्तर दे. उत्तर देता देता उंची दोनशे फूट वाढलेली असते आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो. वळायची जागा मागे गेलेली असते. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दम खाता येतो, विमानाला कड नाही. अगदी सावकाश उडत असलीस तरी एका मिनिटाच्या गोंधळात तू दोन किलोमीटर पुढे गेलेली असतेस.

म्हणून आमच्या धंद्यात एक क्रम पाठ करून घेतात: एव्हिएट, नॅव्हिगेट, कम्युनिकेट. आधी विमान सांभाळ, मग कुठे चाललोय ते बघ, बोलायचं सगळ्यांत शेवटी. टॉवर दोन सेकंद थांबला तर काही बिघडत नाही. शिवाय पुढच्या मिनिटाला काय करायचंय ते या मिनिटाला मनात तयार ठेवायचं. ज्याचं मन विमानाच्या मागे राहतं त्याची दमछाक होते, मग हात कितीही चांगला असो. ही गोष्ट पैसे न खर्चता घरी कमावता येते आणि बहुतेक मुलं ती कंटाळा करून टाळतात. सेस्नाच्या पॅनेलचा मोठा फोटो भिंतीला लाव, समोर खुर्ची टाक, पायाशी दोन विटा ठेव, आणि टेकऑफपासून लँडिंगपर्यंत प्रत्येक हालचाल करत, प्रत्येक कॉल मोठ्याने बोलत सर्किट मार. घरचे हसतील. हसू दे. जी मुलं हे रोज करतात ती विमानात बसल्यावर ओळखू येतात.

इन्स्ट्रक्टरला खात्री पटली की तो सोलो चेकला दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर पाठवतो, आणि मग एके दिवशी शेजारची सीट रिकामी करून एकटीला सोडतो. किती तासांनी, याला नियम नाही. कुणाचं पंधरा तासांत होतं, कुणाचं तीस. लवकर सोलो गेलेली मुलं पुढे चांगली पायलट होतात असं मला तरी दिसलेलं नाही, त्यामुळे बॅचमधल्या दुसऱ्या कुणाशी तास मोजत बसू नकोस. पहिल्या सोलोला विमान नेहमीपेक्षा पटकन वर चढतं, शेजारच्या माणसाचं वजन कमी झालेलं असतं. त्याने अनेक जण दचकतात. उतरल्यावर मित्रमैत्रिणी बादलीभर पाणी ओततात.

मामांच्या "एक चूक झाली की संपलं" याबद्दल. आकाशात बेफिकिरीला माफी नाही, हे खरं. पण एका चुकीने क्वचित काही होतं. छोट्या छोट्या चार-पाच गोष्टी एकापाठोपाठ सुटत जातात आणि कुणी मध्ये थांबवत नाही, तेव्हा अपघात होतो. प्रशिक्षणाचा मोठा भाग ही साखळी लवकर तोडायला शिकण्याचा असतो. पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून विमान खाली बसू लागतं, तो स्टॉल, मुद्दाम सुरक्षित उंचीवर पुन्हा पुन्हा करून घेतात, म्हणजे तो येण्याआधीची थरथर अंगाला ओळखीची होते. इंजिन बंद पडल्याचा सराव होतो. सेस्ना इंजिनाशिवाय धाडकन कोसळत नाही, तीन हजार फुटांवरून ते आठेक किलोमीटर तरंगत जातं, तेवढ्यात शेत निवडायचं असतं. आणि रोज सकाळी उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करायची. टाकीच्या तळातून छोट्या पारदर्शक नळीत थोडं इंधन काढून उजेडात धरायचं. ॲव्हगॅस निळसर दिसतं, पाणी असेल तर ते तळाशी वेगळं बसतं. शंभर वेळा नळीत निळंच दिसतं. एकशेएकाव्या वेळीही तितक्याच लक्षाने बघणं, हे मला लँडिंगपेक्षा अवघड वाटतं. ज्याला तेच तेच नीट करण्याचा कंटाळा आहे त्याने या वाटेला येऊ नये.

इंग्रजीची भीती मात्र तू निम्मी सोडून दे. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे ठरलेली वाक्यं, ठरलेल्या क्रमात. काही महिन्यांत ती तोंडात बसतात. उच्चार गावाकडचा असला तरी चालतो, शब्द स्पष्ट आणि सावकाश हवेत. निम्मीच सोड म्हणते, कारण ठरलेल्या वाक्यांबाहेरचं काही घडलं तर ते समजणं आणि सांगणं यायलाच हवं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्याही खाली उतरलं. चौकशीत त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हे एक कारण म्हणून पुढे आलं. पुढे जगभर वैमानिकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवली गेली, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान लेव्हल फोर लागते. तेवढं इंग्रजी मराठी माध्यमातली मुलगी वर्षभर रोज अर्धा तास ऐकून आणि मोठ्याने बोलून मिळवू शकते. न समजता "रॉजर" म्हणायचं नाही, "से अगेन" म्हणायचं, ही लाज आधी सोडावी लागते. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. समजलं नाही हे सांगायला त्यांना संकोच वाटतो.

गणित अवघड नाही, ते डोक्यात ताबडतोब यायला लागतं एवढंच. तुझं विमान ९० नॉटने चालतं आणि समोरून १५ नॉटचा वारा आहे, तर जमिनीवरचा वेग उरला ७५. शंभर नॉटिकल मैलांना ६७ मिनिटांऐवजी ८० मिनिटं लागणार, म्हणजे तेरा मिनिटांचं जास्तीचं इंधन, साधारण सात लिटर. ते टाकीत आहे का? असं गणित. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, पेपर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि विमानाचं तांत्रिक ज्ञान यांवर असतात, पास व्हायला ७० टक्के लागतात, रेडिओची परीक्षा वेगळी. हे पेपर पाठांतराने निघतात असं तुला बरेच जण सांगतील. प्रश्नसंच घोकून पास झालेली मुलं पुढे एअरलाइनच्या मुलाखतीत उघडी पडतात, आणि ढगासमोर तर आणखीच. बी.एस्सी. चालू असतानाच हे पेपर देता येतात. तुझ्या जागी मी असते तर निदान दोन पेपर फ्लाइंगला जाण्याआधी काढले असते. अभ्यासाची सवय आहे की नाही ते त्यातच कळतं.

ढगाचा विषय निघालाच आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. काट्यांवर उडायचं शिक्षण न घेतलेल्या २० जणांना विमानात बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून उडायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कारण क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा चक्क खोटं सांगते. विमान वळत खाली जात असतं आणि अंगाला वाटतं आपण सरळ चाललोय. काट्यांवर विश्वास ठेवून अंगाचं म्हणणं नाकारायला शिकावं लागतं, ते शिक्षण पुढे मिळतं. ते मिळेपर्यंत एकच उपाय: ढगाकडे जायचं नाही, परत फिरायचं. उन्हाचंही तसंच आहे. आपल्या पठारावरची दोन हजार फूट उंचीवरची धावपट्टी मे महिन्यात ४० अंश तापली की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवरून टेकऑफ घेतोय असं वाटतं. ते लांब धावतं, संथ चढतं. त्या दुपारी "आज नको" म्हणता यायला हवं.

खरी परीक्षा मला इथे दिसते. पैसे भरलेत, तास मागे पडलेत, बॅचमधले पुढे गेलेत, घरून फोन येतोय, आणि समोरची हवा ठीक वाटत नाही. अशा वेळी शांतपणे विमान परत आणणारी, किंवा सुरूच न करणारी मुलगी मला हवी असते. लँडिंग बिघडतंय हे दिसताच हट्ट न करता थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाणारी, म्हणजे गो-अराउंड करणारी. मी गो-अराउंडला कधीही मार्क कापत नाही. वर्गात पहिली येणारी मुलं कधी कधी इथे कच्ची पडतात, त्यांना माघार घेण्याची सवय नसते.

कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. त्यातले १०० तास तू स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची प्रमुख म्हणून, त्यात ३०० नॉटिकल मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, शिवाय रात्रीचं उड्डाण आणि काट्यांवरचं उड्डाण. कागदावर हे वर्षभरात बसतं. प्रत्यक्षात पावसाळ्याचे महिने जातात, विमान दुरुस्तीला जातं, इन्स्ट्रक्टर नोकरी बदलतो, आणि दीड-दोन वर्षं कधी होतात कळत नाही. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, कुठेही जा, हँगरबाहेर खुर्चीत बसून वाट बघणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे. घरापासून लांब, मोबाइल हातात, आज सॉर्टी नाही, उद्याही नाही. ही वाट बघणं अनेकांना मोडतं.

मुलगी म्हणून वेगळं काही अवघड आहे का, हे तू विचारलं नाहीस, पण आई विचारत असेल. विमानाला काही कळत नाही. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिल्चर मार्गावर सगळ्या महिला कर्मचारी असलेलं फॉकर फ्रेंडशिप नेलं, तेव्हा तुझी आईसुद्धा लहान असेल. आता सीट पुढे-मागे करून पाय पेडलपर्यंत नीट पोचतात का तेवढं बघ, बाकी काही नाही.

आता दोन एकर. आज कमर्शियल लायसन्सपर्यंतचा खर्च साधारण ५० लाखांच्या घरात, बऱ्याच ठिकाणी त्याहून पुढे जातो. त्यानंतर मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायची परवानगी, ते आणखी काही लाख. आणि लायसन्स हातात आलं की नोकरी लागते असं नाही. लायसन्स घेऊन वर्षं-दोन वर्षं थांबलेली मुलं मी ओळखते, त्या काळातही लायसन्स जिवंत ठेवायला खर्च येतो. हे वडिलांना तू स्वतः सांग, फोनवरचा माणूस सांगणार नाही. मला विचारशील तर विमान उडवण्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट आपल्याकडे पैसा हीच आहे, आणि ती तुझ्या हातात सगळ्यांत कमी आहे.

म्हणून क्रम असा ठेव. आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी, डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडे, ते काही हजारांत होतं. ते निघालं की क्लास वन, कमर्शियल लायसन्ससाठीची तपासणी. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, सगळं त्यात येतं. चष्मा असला तरी चालतो, दृष्टी चष्म्याने पूर्ण व्हायला हवी. रंगांत गफलत निघाली तर मात्र तिथेच थांबावं लागू शकतं. मग दोन पेपर. मग एखाद्या स्कूलमध्ये पैसे देऊन एक-दोन ओळखीची उड्डाणं, पोट काय म्हणतं ते बघायला. यात एक वर्ष गेलं तरी जाऊ दे, तुझी पदवीही तोवर होईल.

पदवीनंतर हवाई दलाचा रस्ताही आहे, आणि तिथे शिकवायचे पैसे घेत नाहीत. एएफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून, फ्लाइंग ब्रँचला मुली घेतात, वय २० ते २४, बारावीला फिजिक्स-गणित हवं, ते तुझ्याकडे आहे. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, ती आजच मोजून बघ. वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे तयारीशिवाय जाऊ नकोस. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, तिची प्रवेश परीक्षा बारावीच्या इंग्रजी-गणित-फिजिक्सवर असते, तीही दे. या दोन्ही ठिकाणी निदान तुला तोलून घेतात.

तरीही खासगी स्कूलच ठरलं, तर वडिलांना घेऊन प्रत्यक्ष जा. ऑफिसात चहा घेऊन निघू नका. हँगरकडे जा आणि तिथे बसलेल्या मुलांना विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले, कोर्स सुरू होऊन किती काळ झाला. महिन्याला दहा तासही होत नसतील तर तिथून निघा. सगळी फी एकरकमी भरू नका, जेवढे तास उडाले तेवढे पैसे असा हिशोब लेखी घ्या. आणि जमिनीचा व्यवहार क्लास वनचं सर्टिफिकेट हातात येण्याआधी करू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी.

क्लास टूचा निकाल आला की मला कळव. त्यात काही अडलं असेल तर रिपोर्टची प्रत पाठव, तो दुरुस्त होण्यासारखा मुद्दा आहे की नाही ते बघून पुढचं बोलू.